पार्लरवाली आणि ठमीचा हात

"माझी दोन पाखरं गं, एका ताटात जेवती,
एक ठसकलं तर दुजं पाणी गं ठेवती..."

आईचा हा आवाज शिवणयंत्राच्या खडखडाटात अर्धा बुडालेला असायचा. ती एका कारखान्यासाठी गणवेश शिवायची, दिवसाला तीस कॉलर, आणि पायांना लय सापडली की तोंडात शब्द जुळायला लागायचे. टाका धावला की ओळ धावायची, दोरा तुटला की ओळही तुटायची. यंत्राखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली दोन पोरं ती ओवी ऐकत एकमेकांना चिमटे काढायची. ताट एक होतं हे खरं, पण त्यातल्या शेवटच्या घासावरून रोज लढाई व्हायची, हे आई ओवीत घालत नसे.

त्यातलं थोरलं पाखरू आता बावन्न वर्षांचं झालं होतं. चष्म्याच्या काचा घासणं, कापणं आणि चौकटीत बसवणं हे त्याचं काम, म्हणून आसपासची माणसं त्याला चष्मेवाला म्हणत. धाकटी बहीण दादा म्हणे. बहिणीचं खरं नाव शाळेच्या कागदांवरच राहिलं, घरात ती जन्मापासून ठमी. ठमी मोटार चालवायला शिकवायची. एकोणीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या शेजारी जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसली होती, आणि त्यामुळे तिचा आवाज असा झाला होता की ती जिन्यात असतानाच वहिनी चहाचं आधण वाढवायची.

दोन वर्षांपूर्वी ठमीने आपली एक किडनी दादाला दिली.

ही गोष्ट सगळ्या घराला पाठ होती. चष्मेवाला आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यायला दवाखान्यात जात होता. चेहरा मेणासारखा झाला होता, पायांच्या सुजेने चपला होत नव्हत्या. एक दिवस ठमी आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासणीचे कागद आपटले आणि म्हणाली, "जुळतंय. माझी घे." तो म्हणाला, "नको." ती म्हणाली, "का नको?" तो म्हणाला, "तुला पोरं आहेत. दिवसभर गाडीत बसायचं असतं तुला. नको म्हणजे नको." तिसऱ्यांदा नको म्हणून तो तावातावाने उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग ठमीने काय काय केलं, किती रडली, त्याला काय काय शिव्या घातल्या, डॉक्टरांना कसं पटवलं, हे ती स्वतःच रंगवून सांगे. शेवटी म्हणायची, "जबरदस्तीची किडनी आहे ही. मी याच्या गळ्यात बांधलीय."

सगळे हसत. चष्मेवालाही हसे. पण त्या दिवशी गॅलरीत कठडा धरून उभा असताना तो मनात काय म्हणत होता, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तो म्हणत होता, ठमे, ऐकू नकोस माझं. अजून एकदा विचार. पाठ फिरवून जाऊ नकोस.

तोंडाने नको म्हणत होता आणि सगळं अंग हवी हवी म्हणून ओरडत होतं. याची त्याला इतकी लाज वाटली की त्या लाजेखाली आभारसुद्धा दबून गेले. दवाखान्यात एकदा त्याने सुरुवात केली होती, "ठमे, तुझे..." तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून ती म्हणाली, "आभार मानलेस तर टाके उसवीन." त्याने तोंड मिटलं, ते मिटलंच. खोट्या नकोवर खरे आभार ठेवायचे कसे? चौकट वाकडी असली तर कितीही चांगली काच बसत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

*

आणि मग टाकी. समोरच्या खोलीत, भिंतीला लागून, चार फुटी काचेची, खाऱ्या पाण्याची. बारा वर्षांपूर्वी त्याने ती उभी केली तेव्हा आत नुसते दगड, वाळू आणि बायकोचे टोमणे होते. पुढे दगडांवर प्रवाळ रुजलं. कुठे जांभळ्या बटणांची गादी पसरली, कुठे हिरवी बोटं वर आली. एका कोपऱ्यात समुद्रफूल बसलं आणि त्याच्या कुशीत नारिंगी माशांचं जोडपं नांदायला लागलं. शंख पाठीवर घेऊन हिंडणारा खेकडा होता, त्याला घरात भाडेकरू म्हणत, कारण तो वर्षातून दोनदा जागा बदलायचा. आणि लांब पांढऱ्या मिशांची, पाठीवर तांबडा पट्टा ओढलेली कोळंबी होती. येणाऱ्याजाणाऱ्या माशांची अंगं ती साफ करून देई. मासेही तिच्यापुढे तोंड उघडून मुकाट्याने उभे राहत. तिला ठमीने पार्लरवाली म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी एका वाक्यात सगळं संपवलं होतं. "या पाण्यात एक जंतू असतो. बोटाला चीर असली तर आत शिरतो. इतरांना नुसता फोड येईल, तुमच्या औषधांनी अंगातली झुंजायची ताकद कमी केलीय, तुम्हाला तो महागात पडेल. पाण्यात हात घालायचा नाही. हातमोजे घालूनही नाही, वरून पाणी शिरतंच. बघा खुशाल, पण काचेबाहेरून."

चष्मेवाला टाकी देऊन टाकायला निघाला होता. पहिल्याच रविवारी ठमी बाह्या सरसावून आली. लहानपणी मासळीच्या वासाने जिला उमासे यायचे ती ठमी. वहिनीच्या हाताला खारं पाणी लागलं की पुरळ उठायची, त्यामुळे तिचा इलाज नव्हता. ठमीने नाकाला रुमाल बांधला, कोपरापर्यंत हात बुडवले आणि ओरडली, "सांग आता! कुठला दगड? डावा की उजवा? नीट सांग, इंडिकेटर देऊन सांग!"

तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता. आणि ज्याला हात बांधून बसायचं होतं, त्याने कॅमेरा घेतला.

सुरुवातीचे फोटो सगळे निळे आले. टाकीवरचा दिवा निळा, म्हणून मासे निळे, वाळू निळी, भाडेकरूही निळा. ठमी ते बघून म्हणाली, "दादा, हे सगळे गुदमरल्यासारखे दिसतायत रे." मग त्याला उमगलं की कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. ठमीने पांढरा प्लॅस्टिकचा चमचा पाण्यात धरला, त्याने त्यावर रंग जुळवला आणि पहिल्यांदा नारिंगी मासा नारिंगी आला. दोघं लहान पोरांसारखी ओरडली. वहिनी आतून धावत आली, तिला वाटलं टाकी फुटली.

पुढचं त्याचं त्याने शोधलं. काचेतून तिरकं बघितलं की चित्र फाटतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. भिंग काचेला अगदी सरळ, नाकाला नाक लावल्यासारखं धरायचं. पडदे ओढून घ्यायचे. काळा सदरा घालायचा, नाहीतर माशाच्या पोटावर आपल्याच शर्टाच्या चौकटी उमटतात. आदल्या दिवशी काचेवरची हिरवी साय खरवडून घ्यायची, तेही ठमीचंच काम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंप बंद करायचे. पंपाच्या लाटेने प्रवाळाची बोटं सारखी डुलतात, पाण्यात कण उडत राहतात. पंप थांबले की पाच मिनिटांत सगळं निवतं. वाळूत तोंड खुपसलेलाही वर येतो. दहा मिनिटं मिळतात. त्यापुढे पाण्यातली हवा कमी पडायला लागते.

ती दहा मिनिटं चष्मेवाल्याला फार मोलाची वाटत. भिंगातून बघताना समुद्रफुलाच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला मोत्याएवढा फुगा दिसे. कोळंबीच्या पारदर्शक पोटात काहीतरी टिकटिकताना दिसे. आपण अजून आहोत, म्हणून हे दिसतंय, असं त्याला दर वेळी वाटे. आणि ज्या बाईमुळे आपण आहोत तिला हे सांगायला आपल्याला तोंड नाही, हेही पाठोपाठ येई.

*

त्या रविवारी ठमी टाकीत वाकून दगडामागचा गाळ ओढत होती. तो शेजारी स्टुलावर बसून काढलेल्या फोटोंची यादी करत होता.

"अजून कोण राहिलं?" ठमीने विचारलं.

"पिसाऱ्याचा किडा. नळीतून पिसारा बाहेर काढतो, मी जरा हललो की सुळकन आत."

"तुमच्यावर गेलाय," वहिनी दारातून म्हणाली. "कुणी दोन शब्द बोलायला आलं की आत."

ठमी खो खो हसली. हसता हसता तिने हात बाहेर काढला, बोटांवरचं पाणी झटकलं आणि सहज म्हणाली, "बरं आहे ना रे दादा? म्हणजे, तुला खरंच नको होती. मीच ऐकलं नाही. आता तुझे हात बांधले गेले, पाण्याला शिवता येत नाही. तुझी एवढी हौस. म्हणून म्हटलं, माझ्यामुळे गेलेले हात आहेत, तर निदान माझे दोन तरी यावेत."

ती हे गमतीत बोलली, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ठमी कुठल्याही गमतीत माणसाच्या डोळ्यांत बघून हसायची.

चष्मेवाल्याने यादी बाजूला ठेवली. शंभरेक रविवार! ही माया म्हणून येत होती असं तो समजत होता. माया होतीच. पण ही भरपाईसुद्धा करत होती. त्याच्या मनाविरुद्ध त्याला जगवल्याची भरपाई.

सांग, त्याने स्वतःला बजावलं. आत्ता सांग. "गाळ... डावीकडे अजून आहे थोडा," तो म्हणाला.

"हो हो, रिव्हर्स घेते," ठमी म्हणाली आणि पुन्हा वाकली.

*

गुरुवारी दुकानाला सुट्टी होती आणि बायको तिच्या बालवाडीत. चष्मेवाल्याने पडदे ओढले, काळा सदरा चढवला, कॅमेरा तिपाईवर बसवला, भिंग काचेला टेकवलं आणि दोन्ही पंप बंद केले. पाणी निवलं. तो श्वास धरून बसला. आठव्या मिनिटाला नळीतून एक टोक आलं, मग दुसरं, आणि मग तांबूस-पांढरा पिसारा असा हळूहळू उलगडला की कुणी ओठांनी फुंकर घालून उघडावा. तो हललाही नाही. नुसतं बोट. एक, दोन, पाच, अकरा फोटो.

अकरावा अप्रतिम होता. पिसाऱ्याचा केस न् केस मोजून घ्यावा असा. आनंदाच्या भरात त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, आतल्या खोलीत संगणकावर फोटो मोठा केला, अजून मोठा केला, रंग बघितले, जुने फोटो काढून शेजारी लावले. मग बायकोचा फोन आला, काही कामाचा नव्हे, नुसताच. तिच्याशी बोलताना त्याने पिसाऱ्याचं इतकं वर्णन केलं की ती म्हणाली, "लग्नात माझ्याबद्दल एवढं बोलला नव्हतात."

फोन ठेवला तेव्हा घरात फार शांत वाटलं. पंपाची गुणगुण त्या घरात बारा वर्षं चालू होती. ती नव्हती, हे त्याच्या कानांना आधी कळलं आणि मग काळजाला.

तो धावला. दोन तास होऊन गेले होते. मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं लावून भराभरा श्वास घेत होते. नारिंगी जोडपं समुद्रफूल सोडून वर आलं होतं. त्याने दोन्ही बटणं दाबली. लहान पंप सुरू झाला. मोठा नुसताच घुरघुरला आणि थांबला. त्याने वाकून बघितलं. पंपाच्या पात्यात एक गोगलगाय अडकली होती. शांत पाण्यात चालत चालत आत शिरली असणार.

काम दोन मिनिटांचं होतं. हात घालायचा, पंप फिरवून काढायचा, गोगलगाय सोडवायची, परत लावायचा. शस्त्रक्रियेआधी शंभरदा केलेलं. त्याची बाही कोपराच्या वर गेली होती, तळवा पाण्यापासून वीतभर अंतरावर होता. आणि त्याच हाताच्या आंगठ्याला काल संध्याकाळी काचेच्या कडेने ओढलेली बारीक चीर होती.

मासे तोंड उघडत होते, मिटत होते.

त्याने हात मागे घेतला आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली. लांब दांड्याचा डाव आणला, टोकाला धरून पाणी उचलायचं आणि उंचावरून सोडायचं, तेवढीच हवा मिसळेल. दुसऱ्या हाताने फोन लावला. "ठमे, पंप अडकलाय. मासे वर आलेत."

"तू हात घालायचा नाहीस," ठमी ओरडली. "ऐकतोयस? मी बाजाराजवळ आहे. आले." आणि मग फोन बंद न करताच, दुसऱ्या कुणाला तरी, "काका, उजवीकडे वळा. उजवीकडे म्हणजे ज्या हाताने जेवता तिकडे!"

शेजारी शिकाऊ म्हणून एक बेकरीवाले काका होते. दोन महिने झाले तरी दुसऱ्या गिअरच्या वर न गेलेले. गाडी त्यांच्याच हातात होती आणि भर रस्त्यात जागा बदलायला ठमीकडे वेळ नव्हता. त्या दिवशी काका जन्मात पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये गेले. पुढे ते कुणालाही सांगत, आपण एकदा मासे वाचवायला गाडी हाणली होती म्हणून.

ठमी जिना चढून आत आली ती चपलांसकट. नळाखाली हात घासले आणि थेट पाण्यात. पंप बाहेर, गोगलगाय बाहेर, तिला दगडावर ठेवलं, पंप परत आत. "बटण!" त्याने बटण दाबलं. पाणी थरथरलं, प्रवाळाची बोटं एकदम सगळी एका दिशेला झुकली आणि पुन्हा उभी राहिली. दोघं बघत राहिली. पाच मिनिटांनी नारिंगी मादी खाली गेली. मग तिचा नवराही गेला.

ठमीचा हात अजून पाण्यातच होता, दगडाला टेकलेला. दमल्यामुळे तिला तो काढायचंही सुचलं नसावं. तेवढ्यात कपारीतून पार्लरवाली आली. मिशा हलवत ती ठमीच्या मनगटावर चढली, बोटांपर्यंत चालत गेली आणि नखांच्या कडा एकेक करून टोकरायला लागली.

"गुदगुल्या होतायत," ठमी कुजबुजली.

"हलू नकोस." त्याने आतून कार्ड आणून कॅमेऱ्यात सरकवलं, भिंग काचेला टेकवलं. पंप चालू होते, कण उडत होते, ठमीची बाही भिजलेली होती, सगळे नियम मोडलेले होते. त्याने फोटो काढला. तिच्या मधल्या बोटावर शिकाऊंचं स्टिअरिंग सावरून सावरून पडलेला घट्टा होता आणि त्या घट्ट्यावर दोन पारदर्शक पाय टेकवून ती कोळंबी उभी होती.

खालून हॉर्न वाजला. काका गाडी बंद करायला घाबरत होते.

"वाजू दे," ठमी म्हणाली. मग तिची नजर त्याच्या बाहीवर गेली. बाही कोपरापर्यंत ओली होती. तिचा चेहरा उतरला. "दादा. तू हात घातलास."

"नाही."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"डावातून पाणी सोडत होतो, ते उडालं. बाही भिजली. तळवा कोरडा आहे, बघ."

"तेही कशाला करायचं? अंगावर उडालंच ना! मेले असते चार मासे तर मेले असते!" तिने हात बाहेर काढला, त्याचा हात ओढून धरला, आंगठ्याची चीर बघितली आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली नेऊन साबण लावून लावून धुवायला लागली. "हे सगळं माझ्यामुळे. तू सरळ नको म्हणाला होतास. एकदा नाही, तीनदा. मी हटवादी. माझ्या हट्टापायी तुला स्वतःच्या घरात भीत भीत जगावं लागतंय."

पाणी वाहत होतं. तिने त्याचा हात घट्ट धरला होता, त्यामुळे तो कुठे जाऊ शकत नव्हता. हेच ते टेबल, हीच ती खोली, आणि पलीकडे तीच गॅलरी.

"ठमे, मघाशी हात वीतभर वर होता," तो म्हणाला. "मासे माझे, बारा वर्षांचे. आणि मला ते मेलेले चालले असते. एवढा मला जीव प्यारा आहे."

"असू दे ना. चांगलंच आहे."

"ऐक. तेव्हाही होता." त्याने नळ बंद केला. "मी नको म्हणालो ते खोटं होतं. तीनही वेळा. मी गॅलरीत गेलो आणि तू पुन्हा विचारावंस म्हणून कठडा धरून उभा राहिलो. मला हवी होती, ठमे. तू दिलीस."